कातडीवरील पहारा

वैशाखाच्या उकाड्यांतहि लांब बाह्यांचें पोलकें घालणारी एखादी काकू, किंवा चारचौघांत डोक्यावरची टोपी कधींहि न काढणारे एखादे मामा, बहुतेक मोठ्या कुटुंबांत निघतात. लहानपणीं याचें कारण आपणांस कोणी सांगत नाहीं, आणि मोठेपणीं तें विचारण्याचें सुचत नाहीं. आमच्या घरीं अशा एक काकू होत्या. त्यांच्या दोन्ही कोंपरांवर, गुडघ्यांवर व केसांच्या कडेला तांबूस चट्टे होते. त्यांवर चंदेरी पापुद्रे सांचत आणि कोंड्यासारखे गळत. दुपारीं त्या जेथें बसत तेथें ते पडलेले दिसत, व उठतांना त्या स्वतःच केरसुणीनें ते निमूटपणें गोळा करीत. लोणच्याच्या बरण्यांना त्यांनीं हात लावावयाचा नाहीं आणि पापडाच्या लाट्या त्यांनीं करावयाच्या नाहींत, असा घरांतील रिवाज होता.

या रोगाचें नांव सोरायसिस. काकू गेल्यावर पुष्कळ वर्षांनीं तें मला कळलें. गेल्या तीन वर्षांत, धाकट्या बंधूंच्या मुलास तोच रोग जडल्यामुळें, त्याविषयीं जें वाचलें आणि डॉक्टरांस पुनःपुन्हां विचारून जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं व डॉक्टरहि नाहीं; मॅट्रिक होऊन पुढें संस्कृत पढलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नसला, तरी तें लिहिण्याचें माझ्यावर ऋण आहे. आणि तें कसें, हें आधीं सांगितलें पाहिजे.

सन १९८० मधील गोष्ट. मी त्या वेळीं बावीस वर्षांचा होतों. पाठशाळेंतून नुकताच परतलों होतों व चार ग्रंथ वाचल्याची घमेंड अंगांत होती. एके दिवशीं आजी म्हणाली, "अरे, तूं एवढा पढलास, तर पोथींत या दुखण्याविषयीं काय सांगितलें आहे तें एकदां बघ." मीं सुश्रुतसंहिता काढली. निदानस्थानांत कुष्ठाचा अध्याय आहे आणि त्याच्या शेवटीं, कुष्ठ, ज्वर, शोष व डोळे येणें हे रोग अंगस्पर्शानें, श्वासानें, सहभोजनानें, एका शय्येवर वा आसनावर बसण्यानें व एकमेकांचीं वस्त्रें वापरण्यानें माणसांतून माणसांत जातात, असें सांगितलें आहे. मीं तें वाचून दाखविलें व अर्थहि सांगितला. दुसऱ्या दिवसापासून काकूंचें ताट, वाटी आणि पाट वेगळा झाला. तो वेगळा झाला तो त्या १९९१ सालीं वारल्या तोंपर्यंत. पोथी कोणीं वाचली, हें त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. बहुधा त्यांना ठाऊक असावें.

मीं खोटें कांहीं सांगितलें नव्हतें. तें वचन ग्रंथांत आहेच. चूक निराळी होती. चरकानें कुष्ठाचे अठरा प्रकार मानले आहेत, सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें. या अठरांत ज्याला आपण गजकर्ण म्हणतों तें दद्रु आहे, खरजेच्या जातीची पामा आहे, पाय फुटणें म्हणजे विपादिका आहे, आणि ज्यावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे येतात तें एककुष्ठहि आहे. म्हणजे कुष्ठ हें एका रोगाचें नांव नसून कातडीच्या रोगांच्या एका सबंध जातीचें नांव होय. त्यांपैकीं कांहीं स्पर्शानें पसरतात, कांहीं मुळींच पसरत नाहींत. जातीविषयींचें वचन मीं सरसकट प्रत्येक व्यक्तीला लावलें. तर्कसंग्रह शिकवितांना 'अतिव्याप्ति' हा दोष मुलांना मीं पुढें तीस वर्षें समजावून दिला. परंतु घरांत मीं स्वतः केलेलें त्याचें उदाहरण फळ्यावर कधीं लिहिलें नाहीं.

हा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. ग्रीक लोक खवले येणाऱ्या कातडीच्या विकाराला 'लेप्रा' म्हणत आणि खाजेला 'सोरा' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या रॉबर्ट विलन यांनीं या रोगाचें वर्णन उत्तम केलें, पण त्याच्या एका प्रकारास 'लेप्रा' हेंच नांव ठेवलें; आणि महारोगालाहि युरोपांत त्याच शब्दानें ओळखीत. व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनीं १८४१ सालीं दोहोंची फारकत केली. पुढें १८७३ सालीं नॉर्वेमध्यें हॅन्सन यांना महारोगाचे जंतु दिसले आणि तो रोग जंतूंचा, हें ठरलें. सोरायसिसला असा कोणताहि जंतु नाहीं. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. स्पर्शानें नाहीं, टॉवेलानें नाहीं, ताटानें नाहीं, एका अंथरुणावर निजल्यानेंहि नाहीं. लेखांतील सर्व विसरलें तरी चालेल, एवढें मात्र वाचकांनीं घरांतील वडील मंडळींस वाचून दाखवावें.

मग हा रोग आहे तरी कशाचा ? फार दिवस असें समजत कीं, दोष कातडीच्या वरच्या थराचाच आहे. आपली कातडी खालून नवी होत असते. तळाशीं जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाळते, चपटी होते आणि सुमारें महिनाभरानें न दिसतां गळून पडते. सोरायसिसच्या चट्ट्यांत हाच प्रवास तीन ते पांच दिवसांत उरकतो. पेशीला पिकावयास अवकाश मिळत नाहीं. अर्धकच्च्या पेशी एकमेकींना चिकटून थरावर थर बसतात, आणि तेच ते चंदेरी पापुद्रे. यावरून कातडीला वाढीची घाई झाली आहे, एवढें दिसे. पण ही घाई तिला लावतो कोण ? याचा पहिला धागा १९७९ सालीं अकल्पितपणें हातीं आला. नॉर्वेंतील एका पठारावरच्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरीन नांवाचें औषध निघालें होतें. दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें असतां शरीरानें तें नाकारूं नये, म्हणून रोगप्रतिकारशक्ति दाबण्याकडे त्याचा उपयोग होऊं लागला होता. तें सांधेदुखीच्या कांहीं रोग्यांना देऊन पाहिलें, तों त्यांपैकीं ज्यांना सोरायसिसहि होता त्यांचे चट्टे भराभर मावळले. पहारेकऱ्याला गुंगी आली आणि घरांतील आरडाओरड थांबली. तेव्हां आरडाओरड करणारा पहारेकरीच असला पाहिजे, या दिशेनें विचार सुरू झाला.

येथें थोडें मूळापासून सांगणें भाग आहे. प्राचीन रोमचा ग्रंथकार सेल्सस यानें दाहाचीं चार लक्षणें दिलीं आहेत : लाली, सूज, ऊन लागणें आणि ठणका. पायांत कांटा मोडला कीं हीं चारी लक्षणें आपण घेतोंच. कांटा शिरल्या जागच्या पेशी रक्तांतील पांढऱ्या पेशींना बोलावतात; त्यांना यावयास वाट व्हावी म्हणून बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात; आणि त्या गर्दीचेंच नांव दाह. आतां, पेशींना वाचा नाहीं, मग बोलावणें जातें कसें ? तर पेशी एक सूक्ष्म प्रथिन बाहेर सोडते. तें दुसऱ्या पेशीच्या अंगावरील ठराविक ग्राहकाला जाऊन बसलें कीं, कुलपांत किल्ली फिरावी त्याप्रमाणें त्या पेशीला आज्ञा पोंचते. अशा निरोप्या प्रथिनांना स्टॅन्ली कोहेन यांनीं १९७४ सालीं 'सायटोकाईन' हें नांव दिलें. त्यांतील एका मोठ्या वर्गाला १९७९ मध्यें स्वित्झर्लंडमधील परिषदेंत 'इंटरल्यूकिन', म्हणजे पांढऱ्या पेशींमधील देवघेव करणारा, असें नांव मिळालें आणि हजेरीपटावरील मुलांप्रमाणें एकेकास क्रमांक देण्यांत आला. मराठींत यांना 'पेशीदूत' म्हणावें असें मला वाटतें. गांवांत दवंडी पिटणाऱ्यासारखें त्यांचें काम असतें. दवंडीवाला स्वतः चोर धरीत नाहीं. तो फक्त गांव जागें करतो.

आपला विषय सतराव्या क्रमांकाचा दूत. १९९३ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथें उंदराच्या वर्गांतील प्राण्याच्या पेशींत त्याचें जनुक सांपडलें. गंमत अशी कीं, तें माकडांच्या एका विषाणूंतील जनुकाशीं जुळत होतें. विषाणूनें तें पूर्वीं केव्हां तरी आपल्या यजमानाकडून उचललें असावें असें मानतात. १९९५ सालीं अमेरिकेंत त्यास इंटरल्यूकिन-१७ हें नांव मिळालें. पुढें त्याचीं भावंडें निघालीं; आतां 'ए' पासून 'एफ' पर्यंत सहा मोजतात, आणि 'ए' हा त्यांत थोरला. हा दूत सोडणाऱ्या टी पेशींचा एक स्वतंत्र कूळच आहे, हें २००५ सालीं अमेरिकेंतील दोन निरनिराळ्या शास्त्रज्ञगटांनीं दाखविलें. या कुळाला पोसणारा, त्याला कामावर टिकवून धरणारा आणखी एक दूत आहे, इंटरल्यूकिन-२३. तो २००० सालीं कॅलिफोर्नियांत ओळखला गेला होता. एक दुसऱ्यास हाक मारतो आणि दुसरा तिसऱ्यास, अशी ही सांखळी आहे.

इंटरल्यूकिन-१७ कातडीच्या पेशीला जाऊन भेटला कीं तीन गोष्टी होतात. ती पेशी आणखी निरोप सोडून रक्तांतील न्यूट्रोफिल नांवाच्या लढवय्या पेशींना बोलावते. दुसरें, ती स्वतः जंतुनाशक द्रव्यें तयार करूं लागते. तिसरें, ती भराभर वाढूं लागते, म्हणजे तट जाड होतो. एखादी बुरशी कातडींत शिरूं पाहत असेल, तर याहून शहाणपणाचा बंदोबस्त कोणता ? आपल्या तोंडांत व आंतड्यांत कॅन्डिडा नांवाची बुरशी निरोगी माणसाच्याहि ठायीं थोडीफार असते. ती मर्यादेंत राहते ती मुख्यत्वें या दूताच्या पहाऱ्यामुळें. त्याची साक्ष २०११ सालीं पॅरिसच्या जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटानें पुढें आणली. एका मुलाच्या ठायीं या दूताचा ग्राहकच जन्मतः नव्हता, आणि दुसऱ्या एका कुटुंबांत 'एफ' हें भावंड सदोष होतें. या माणसांना तोंडाला, नखांना, कातडीला हीच बुरशी वारंवार होई व हटत नसे. दूत नसला म्हणजे काय होतें, हें त्या बिचाऱ्यांच्या दुखण्यावरून जगाला समजलें.

आतां सोरायसिसकडे वळूं. त्यांत चोर नसतांना दवंडी चालू राहते. कातडींतील पाळत ठेवणाऱ्या पेशी तेविसाव्या दूताला सोडतात, त्यानें टी पेशी चेततात, त्या सतराव्याला सोडतात, त्यानें कातडीच्या पेशी वाढतात व उलट आणखी निरोप धाडून पाळतीच्या पेशींनाच पुन्हां बोलावतात. चक्र पुरें झालें, आणि तें आपल्याच गतीनें फिरत राहतें. त्याला पहिला धक्का देणारें कारण प्रत्येकाचें निराळें. जन्मतः मिळालेली प्रवृत्ति हें त्यांतील मोठें. तरी आईबापांस रोग आहे म्हणून मुलास होईलच असें मात्र नाहीं. घशांतील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा विकार, खरचटणें, मनाचा ताण, लिथियमसारखीं कांहीं औषधें, यांपैकीं कोणतेंहि निमित्त पुरतें. जर्मन डॉक्टर कोब्नर यांनीं एकोणिसाव्या शतकांतच लिहून ठेवलें आहे कीं, या रोग्यांच्या निरोगी कातडीला जेथें इजा होते तेथेंच नवा चट्टा उठतो. काकू कोंपर दगडानें घासघासून धूत असत, आणि चट्टे आणखी वाढत. त्यांना 'घासूं नका' असें सांगणारें घरांत कोणी नव्हतें. 'स्वच्छ राहा' म्हणणारे मात्र पुष्कळ होते.

वाचतां वाचतां एका ठिकाणीं मी पुस्तक मिटून बसलों, ती हकीकत येथें सांगतों. १९९७ सालीं जर्मनींतील कील येथें शास्त्रज्ञांनीं मानवी कातडींतून एक जंतुनाशक द्रव्य वेगळें काढलें; त्याला बीटा-डिफेन्सिन-२ म्हणतात. तें त्यांनीं कशांतून काढलें ? सोरायसिसच्या रोग्यांच्या पापुद्र्यांतून. सतराव्या दूताच्या हुकमानें तें द्रव्य त्या कातडींत इतकें भरलेलें असतें कीं, त्या चट्ट्यांवर सहसा जंतूंचा उपद्रव होत नाहीं. इसबाच्या कातडीला तो नेहमीं होतो. काकू उठतांना जे केरसुणीनें गोळा करीत, ज्यांच्या भीतीनें त्यांना बरणीपासून दूर ठेविलें, त्या पापुद्र्यांत जंतु मारणारें द्रव्य होतें. आमच्या घरांतील सर्वांत जास्त पहारा असलेली कातडी त्यांची होती.

असो. पुतण्याची गोष्ट तीन वर्षांपूर्वींची. माघांत त्याचा घसा दुखून ताप आला. पंधरवड्यानें पाठीवर व पोटावर थेंबांएवढे तांबडे ठिपके उठले, आणि चार महिन्यांत कोंपरें, गुडघे व डोकें व्यापलें गेलें. वय अठ्ठावीस, नोकरी बँकेंत, खिडकीपलीकडे दिवसभर माणसें. नोटा मोजतांना लोक हाताकडे बघतात, म्हणून तो उन्हाळ्यांतहि बाह्या मनगटापर्यंत उतरवूं लागला. तें पाहून माझ्या पोटांत धस्स झालें. आमच्या थोरल्या भगिनी माई यांनीं त्याच आठवड्यांत त्याचें ताट निराळें करण्याविषयीं सुचविलें. या वेळीं मीं पोथी काढली नाहीं. पुतण्याला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेलों, आणि माईंना मुद्दाम बरोबर नेलें. डॉक्टरांनीं चट्ट्यावर स्वतःचा उघडा हात ठेवून माईंशीं दहा मिनिटें बोलणें केलें. मीं दहा वर्षें सांगितलें असतें तरी जें झालें नसतें, तें त्या हातानें झालें.

आधीं मलमें झालीं. मग यंत्रांतील अतिनील किरणांचा शेक. मग मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या. या गोळीविषयीं एक सूचना जीवावरची आहे. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास प्राण जातो. आम्हीं भिंतीवरील दिनदर्शिकेंत प्रत्येक रविवारावर तांबडी खूण केली व गोळ्यांची पुडी वहिनींच्या ताब्यांत ठेविली. त्याचप्रमाणें, कोणी ओळखीचा माणूस 'एका महिन्यांत गुण' म्हणून नांव नसलेली पुडी देऊं लागला, तर ती घेऊं नये. तिच्यांत बहुधा स्टिरॉइड असतें. त्यानें चट्टे मावळतात खरे, पण तें एकाएकीं थांबविलें म्हणजे रोग उसळून सर्वांगावर पू भरलेल्या पुळ्या उठण्यापर्यंत मजल जाते. सांध्यांवरहि लक्ष ठेवावें लागतें, कारण कित्येक रोग्यांचीं बोटें, टांचा व पाठ यांना याच दाहानें संधिवात होतो, आणि तो वेळीं ओळखला नाहीं तर सांधा कायमचा वांकतो.

एवढ्यानेंहि भागेना, तेव्हां डॉक्टरांनीं सुई सुचविली. तिचें नांव सेक्युकिनुमॅब. अशा नांवांनीं माणूस बिचकतो, पण व्याकरण पढलेल्यानें बिचकूं नये. शेवटचा 'मॅब' हा प्रत्यय आहे. एकाच पेशीकुळापासून काढलेलें प्रतिपिंड, असा त्याचा अर्थ. त्याच्या आधींचा 'उ' सांगतो कीं तें प्रतिपिंड मानवी घडणीचें आहे, आणि मधला 'किन' सांगतो कीं लक्ष्य एखादा इंटरल्यूकिन आहे. प्रकृति, आगम, प्रत्यय, सगळें जागच्या जागीं; पाणिनीला हें बरें वाटलें असतें. अशीं प्रतिपिंडें हवीं तशीं पैदा करण्याची युक्ति कोहलर व मिल्स्टाइन यांनीं १९७५ सालीं केंब्रिज येथें शोधली, तिजबद्दल त्यांना १९८४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सेक्युकिनुमॅब सतराव्या दूताला वाटेंतच गांठून धरतें. किल्ली कुलपापर्यंत पोंचतच नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत, बारा आठवड्यांनंतर रोग पाऊण हिश्श्यानें तरी उतरलेले रोगी पाहिले, तेव्हां याच्या ३०० मिलिग्रॅम मात्रेच्या गटांत ते शेंकडा ७७ निघाले, एटानरसेप्ट या आधींच्या औषधाच्या गटांत ४४, आणि औषध नसलेली सुई दिलेल्यांत ५. अमेरिकेंत त्यास २०१५ च्या जानेवारींत मान्यता मिळाली. पुढें याच वाटेचीं आणखी औषधें आलीं. एक तर दूताला सोडून ग्राहकालाच झांकतें.

सुई स्वस्त नाहीं. आम्हां तिघां भावांचें अद्याप एकत्र आहे, म्हणून ती परवडली. एकट्या माणसाला कसें जमेल, हें मला दिसत नाहीं. आधीं क्षयाची तपासणी झाली, कारण प्रतिकारशक्तीच्या एका अंगाला हात घालण्यापूर्वीं आंत दडलेला शत्रु नाहीं ना, हें पाहावें लागतें. पहिले पांच डोस आठवड्या-आठवड्यानें, नंतर महिन्यास एक. दोन महिन्यांत पाठ स्वच्छ झाली. आणि तिसऱ्या महिन्यांत एके सकाळीं तो माझ्यापुढें येऊन म्हणाला, "आबाकाका, जीभ बघा बरें." जिभेवर दह्यासारखा पांढरा थर होता. कॅन्डिडा ! पॅरिसच्या त्या मुलाची हकीकत मीं आदल्याच महिन्यांत वाचली होती, ती आमच्या ओसरीवर उभी राहिली. पहारेकऱ्याला गप्प केलें, तेव्हां ज्या भुरट्या चोराला तो रोज हांकून लावी तो घरांत शिरला. डॉक्टरांनीं बुरशीवरचें औषध दिलें, आठवड्यांत थर गेला, सुई चालू राहिली. एवढ्यावर निभावलें, पण या दूताला शत्रु समजणें किती चुकीचें आहे, तें त्या जिभेनें मला शिकविलें.

आंतड्यांच्या बाबतींत तर हा धडा फार महाग पडला आहे. आंतड्याला सतत सूज येणारा क्रोन नांवाचा एक रोग आहे. तेथेंहि हाच दूत वाढलेला दिसतो, म्हणून तेथेंहि हीच सुई चालावी असें विद्वानांस वाटलें. २०१२ सालीं त्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला : सुई दिलेल्यांची प्रकृति न दिलेल्यांपेक्षां बिघडली. आंतड्याच्या अस्तराचा तट हाच दूत राखीत होता. म्हणून ज्याच्या घरीं आंतड्याच्या अशा दुखण्याचा इतिहास आहे, त्यानें तो डॉक्टरांपासून लपवूं नये. कातडींत ज्याला आंवरावें लागतें, त्यालाच दोन हात आंत राखावें लागतें. माझ्यासारख्यानें 'कुष्ठ' या एका शब्दावर जें केलें, तेंच येथें एका दूताच्या नांवावर होऊं पाहत होतें.

लग्नाचा प्रश्न निघालाच. घरांत दोन मतें पडलीं. माई म्हणाल्या, अंग स्वच्छ आहे, सुई चालू आहे, मग बोलावयाचें कशाला ? माझें म्हणणें असें कीं, काकूंचे चट्टे झांकण्यांत या घराची चाळीस वर्षें गेलीं, आतां पुरे. पहिल्या दोन स्थळांना आम्हीं सांगितलें. त्यांतील एकानें पत्रिका जुळत नसल्याचें कळविलें, दुसऱ्यानें कांहींच कळविलें नाहीं. तिसऱ्या ठिकाणीं मुलीनें स्वतःच प्रश्न विचारले : सुई थांबविली तर काय होईल, मुलांना होईल काय, आणि यांचें जेवण वेगळें असतें काय. शेवटच्या प्रश्नाला माईंनींच 'नाहीं' म्हणून उत्तर दिलें. पहिल्या प्रश्नाला डॉक्टरांचें उत्तर मीं सांगितलें, आणि तें गोड नव्हतें : थांबविल्यास पुष्कळांचा रोग परततो, आणि तो बहुधा पूर्वींच्याच जागीं परततो, कारण चट्टा मावळला तरी त्या जागेंत कांहीं टी पेशी ठाण मांडून राहतात, त्यांना जुनें विसरत नाहीं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे जागा ठाऊक असते, हें बरेंच आहे कीं." लग्न मार्गशीर्षांत झालें.

डाव्या कोंपरावर रुपयाएवढी एक खूण अद्याप राहिली आहे. ती राहील असें डॉक्टर म्हणतात. गेल्या चैत्रांत घरीं पापड झाले, तेव्हां सुट्टीच्या दिवशीं तोहि लाट्या करावयास बसला. गरम होऊं लागलें तसें त्यानें बाह्या कोंपरांच्या वर सारल्या, आणि माईंनीं काहींहि न बोलतां पिठाचा गोळा त्याच्याकडे सरकविला.